मागच्या दारापर्यंत

काका, आपलं भांडण अर्धंच राहिलं. अर्धं भांडण टाकून उठून जायची तुमची सवय मला कधीच आवडली नव्हती, पण या खेपेला तुम्ही हद्दच केलीत. अकरा दिवस मी वाट बघत होते की तुम्ही फोन कराल आणि "काय नर्सबाई, राग उतरला का?" असं विचाराल. फोन आला तो काकींचा. मी ड्यूटीवर होते, हातात इंजेक्शनांचा ट्रे होता. तो मी दुसऱ्या सिस्टरच्या ताब्यात दिला, कुठल्या पेशंटला काय द्यायचं ते समजावून सांगितलं आणि मगच उल्हासनगरहून खरवईला तुमच्या घरी निघाले. हातातलं काम टाकून उठायचं नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. तुम्ही मात्र टाकून गेलात.

आज अठरा दिवस झाले. लोक येऊन तुमच्या ओटीवर बसतात आणि तुमची नोकरी, तुमचा स्वभाव, गावच्या देवळासाठी तुम्ही केलेला दरवाजा, सगळं एकमेकांना सांगतात. सांगू देत, खरंच आहे ते. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला आपलं भांडण पुरं करायचंय, आणि आधीच सांगून ठेवते, ते मी जिंकलेय. निदान निम्मं तरी.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. काकींचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं आणि तुम्ही त्यांच्या कॉटशेजारी बसला होता. कारखान्यात ओतकामासाठी लाकडाचे साचे बनवणारा माणूस, तळहात घट्टे पडून राठ झालेले, आणि उजव्या हाताची नखं अशी वाढवलेली, घासून गुळगुळीत केलेली, की नव्या नवरीनं हेवा करावा. डाव्या हाताची मात्र मुळापासून कापलेली. मी म्हटलं, "काका, पेशंटजवळ बसायचं तर ही नखं काढावी लागतील."

"ती काढून चालनार नाय, बाई."

"एका हाताची वाढवायची आणि एका हाताची कापायची, ही कसली फॅशन?"

"डाव्यानं धरायचं, उजव्यानं बोलवायचं," तुम्ही म्हणालात. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. तेव्हा सलाईन लावलेल्या काकीच कॉटवरून कण्हत म्हणाल्या, "गिटार वाजवतात गो. याड लागलाय त्यांना."

नखं तुम्ही काढली नाहीत. तिन्ही दिवस हात खिशात घालून बसलात. जाताना मला म्हणालात की घरी गिटार असेल तर घेऊन या. भाच्यासाठी घेतलेली एक माझ्या माळ्यावर पडून होती, पण ते तुम्हाला कसं कळलं? मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. अंबरनाथ-बदलापुरात प्रत्येक तिसऱ्या माळ्यावर एक गिटार पडलेली असते, असं तुमचं म्हणणं होतं, आणि नंतर शिकायला आलेली मुलं बघता ते खोटंही नव्हतं.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. पदरात दोन वर्षांची मुलगी, शिफ्टची नोकरी, आणि रविवारचे दोन तास माझे म्हणून मागून घेतलेले. घरी सगळ्यांना वाटलं, महिनाभरात उतरेल खूळ. महिनाभर तर तुम्ही मला नुसतं बसायला शिकवलंत. डावा पाय पाटावर, पाठ सरळ, गिटार छातीशी पण दाबून धरायची नाही. मग बोटं आली. ती नावं मी आजन्म विसरणार नाही. अंगठा म्हणजे म्हातारा. त्याच्या शेजारची थोरली, मग मधली, मग धाकटी. करंगळी ही पाव्हणी, ती नुसती बसून राहणार, तिला काम सांगायचं नाही. "म्हातारा चालतो, पोरी नाचतात," तुम्ही म्हणायचात, "म्हातारा धडपरला का पोरींचा तमाशा झाला." हे सगळं तुम्हाला कारखान्यातल्या एका गोव्याच्या मास्तरांनी जेवणाच्या सुट्टीत शिकवलं होतं. बोटांची बारशी मात्र तुमची स्वतःची.

आणि तुमची ती परीक्षा. बाहेर कोणी विचारलं की तुमच्याकडे परीक्षा असते का, तर काय सांगावं हा मला प्रश्न पडायचा. तुमचं घर लांबोडं. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी मागचं दार, जिथे नळाखालच्या दगडावर काकी भांडी घासत बसायच्या. शिकणाऱ्यानं ओटीवर वाजवायचं. काकींना तिथे ऐकू आलं तर त्या हातातलं काम न थांबवता ओरडायच्या, "आला!" नाही आलं तर नुसता भांड्यांचा आवाज. जोरात वाजवून चालायचं नाही, कारण जोरात वाजवलं की त्या ओरडायच्या, "मारतेस कशाला तिला!" हळू, पण मागच्या दारापर्यंत. तुमच्या सगळ्या शिकवण्याचं सार तेवढंच होतं.

काका, आठ वर्षांत माझा आवाज मागच्या दारी किती वेळा पोचला असेल? एका हाताची बोटं पुरतील. आणि तिथेच आपलं भांडण सुरू झालं. तुमचं म्हणणं, नखाशिवाय आवाज लांब जात नाही, बोटाच्या मांसाचा आवाज गोड असतो पण उंबऱ्यातच बसून राहतो. माझं म्हणणं, मी नर्स आहे, नखं वाढवली तर मेट्रन मला उभं करणार नाही, आणि बरोबरच करेल. मग मी शिकायचंच नाही का? "शीक ना," तुम्ही म्हणायचात, "कोन नाय बोलतो? पन आवाज नाय पोचला तर माज्यावर रागवू नको." दर दोन-तीन महिन्यांनी हे भांडण व्हायचं. तुम्ही खुर्चीतून उठून नळावर पाय धुवायला जायचात, आणि मी रिकाम्या खुर्चीशी वाद घालत बसायचे.

त्या हट्टापायीच मी तो पराक्रम केला. तुम्ही चिखलोलीला भाचीच्या लग्नाला दोन दिवस गेला होतात. मी उल्हासनगरला दुकानात नायलॉनच्या तारा आणायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "नायलॉन छोडो मॅडम, स्टील का सेट लगाओ, आवाज सीधा डबल." मला वाटलं, हेच हवं होतं. नखांची ददातच मिटली. घरच्या गिटारवर करून बघायचं, तर नाही. तुमच्या गिटारवर चढवल्या, तुम्हाला चकित करायला. ओटीवर वाजवलं आणि मागच्या दारातून लगेच "आला!" ऐकू आलं. मी नाचायचीच बाकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकींनी फोन केला की काहीतरी मोडल्याचा मोठा आवाज झाला. येऊन बघते तर तारा ओढून धरणारी घोडी लाकडासकट उपटून आली होती. नायलॉनच्या गिटारवर लोखंडी तारेचा ताण झेपत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आठ वर्षं शिकलेल्या मला ते सुचलं नाही.

मी रडत उभी होते आणि तुम्ही लग्नाच्या कपड्यांतच खाली बसलात. उपटलेल्या जागेवरून अंगठा फिरवलात. आता ओरडतील, आता ओरडतील, असं मला वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "ताण दिला म्हनून आवाज लांब जात नाय, पोरी." मग सरस तापवलात, घोडी बसवलीत, वर साच्यांना लावायचे ते शिकंजे आवळलेत आणि तीन दिवस त्या गिटारला कुणाला हात लावू दिला नाहीत. पुढे त्या गोष्टीचा एकदाही उल्लेख केला नाहीत. मला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या. घोडीखाली सरसाची एक पिवळट रेघ अजून आहे, आणि ती दिसली की मला आजही लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी तुमची डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने परत आला, हात आला नाही. मी व्यायाम करून घ्यायला येत होते. चौथ्या महिन्यातली एक दुपार होती, तुम्ही गिटार मांडीवर घेऊन बसला होता आणि उजव्या हाताने नुसत्या मोकळ्या तारा छेडत होता. धरायला डावा हातच नव्हता. मला ते बघवेना. मी स्टूल ओढलं, तुमच्या डाव्या बाजूला बसले आणि माझा डावा हात गिटारच्या मानेवर ठेवला. "कुठला?" मी विचारलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंतही नाही. म्हणालात, "सात नंबर."

मास्तरांच्या वहीतला तो सातवा तुकडा. त्याला नावही नाही. म्हातारा एकेक पाऊल टाकतो आणि दर पावलाला धाकटी, मधली, थोरली एकाच तारेवरून भरभर धावतात, की ऐकणाऱ्याला वाटावं सूर तुटतच नाही. एकीनं चकल्या पाडाव्यात आणि दुसरीनं तळाव्यात, तसं आपण तो वाजवला. पहिल्यांदा तीनदा आपटलो. मग श्वास जुळला. आणि मागच्या दारातून काकींचा आवाज आला, "आला!" तुमच्या नखांचा आवाज होता तो, धरलेला मी होता एवढंच.

तीन वर्षं आपण तसे वाजवत राहिलो, आणि काका, ती माझ्या आयुष्यातली फार सुखाची वर्षं होती. रविवारी मुलं टक लावून बघायची, दोन माणसं आणि एक गिटार. मी मात्र हळूहळू माझा उजवा हात विसरले. घरी सराव करताना नुसती डावी बोटं फिरवायचे. आवाज पोचत होता ना? मग तो कुणाच्या बोटांचा, हे मी विचारायचं सोडून दिलं. तुम्ही सोडलं नव्हतंत.

आपला शेवटचा रविवार. मुलं गेल्यावर तुम्ही म्हणालात, "पुढल्या रविवारी पोरांपुढं सात नंबर तू एकटी वाजव."

"एकटी कशाला? तुमचा हात आहे की."

"माजा हात किती दिस पुरनार? ही सहा पोरं कोनाकडं जातील?"

"माझा आवाज स्वयंपाकघरापर्यंतही जात नाही. तुम्हीच सांगत आलात ना इतकी वर्षं? मला नखं नाहीत, काका."

त्यावर तुम्ही म्हणालात, "भ्या वाटतं तर तसं सांग, नर्सबाई. नखांवर नको ढकलू."

खरं होतं म्हणून झोंबलं. मी पर्स उचलली. त्या दिवशी उठून जाणारी मी होते, हे कबूल करायला हवं. काकी मागून हाक मारत होत्या, "चाय तरी पिऊन जा गो," पण मी वळलेही नाही. पुढचा रविवार आला आणि मी मला बरं नाही असं मुलांना कळवून टाकलं. तुम्हाला फोन करायचा, असं रोज सकाळी ठरवायचे आणि रोज संध्याकाळी म्हणायचे, त्यांनी करावा. हे मी तुम्हाला सांगायचं ठेवलं होतं. माफी मागायची होती, आणि तुम्ही बरोबर बोललात हेही सांगायचं होतं.

त्या दिवशी मी ओटीवर आले तेव्हा तुम्हाला नुकतं निजवलं होतं. माझं लक्ष आधी हाताकडे गेलं, नर्सचं जातंच. उजव्या हाताची वाजवायची चारही नखं कापलेली होती, पार बोटाला लावून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भरल्या घरात, रडणाऱ्या बायकांमध्ये मी मोठ्याने विचारलं, "नखं कोणी काढली यांची?" तुमच्या चुलतभावाच्या बायकोनं मला दंडाला धरून बाजूला नेलं आणि म्हणाली, "बाई, वेल काय नि बोलता काय." मला ऐकायचंच नव्हतं. चाळीस वर्षं जपलेली नखं कुणीतरी आंघोळ घालताना कापून टाकली, याच्याच दुःखात मी पहिला दिवस काढला. तुमच्यासाठी रडायला मला दुसरा दिवस लागला.

पाचव्या दिवशी काकींनी मला मागच्या दारी बोलावलं. दगडावर बसवलं आणि म्हणाल्या, "कोनी नाय काढली. मीच कापली, त्यांनी सांगितलं म्हनून. तू रागावून गेलीस ना, त्याचे दुसरे दिवशी."

मी त्यांचा हात धरला.

"एकेक नख कापताना मना रडू येत होता आनि हे हसत होते. मंग गिटार मागली. मना बोलले, जा मागीलदारी, आयक. ती बिननखाची पोर म्हनते तसा आवाज येतो का बघू."

"मग? आला?"

"पयले दिवशी नाय. दुसरे दिवशी नाय. तिसरे दिवशी चिडले, जेवले पन नाय. चवथे दिवशी आला."

"काय म्हणाले?"

काकी पदराने डोळे पुसत हसल्या. "बोलले, नर्सबाईला सांगू नको हा, डोक्यावर बसंल. मीच सांगीन तिला, कसा काढायचा ते."

तर काका, हे असं आहे. तुम्ही हरलात, हरल्याचं बायकोला कबूल केलंत, आणि मला सांगायच्या आधी निघून गेलात. कसा काढायचा, ते घेऊन गेलात. मला इतका राग आला आणि त्याच वेळी इतकं भरून आलं, की मी काकींच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हसत होते की रडत होते, मलाच कळेना. साठी उलटलेला, एका बाजूनं लुळा पडलेला माणूस, माझा आवाज माझ्यासाठी शोधायला चार दिवस बसला होता.

मी काकींना विचारलं, चौथ्या दिवशी त्यांनी वेगळं काय केलं? त्या म्हणाल्या, मना काय कलतंय त्यातलं. मग थोडा वेळ भांडी घासत राहिल्या आणि एकदम थांबल्या. "मागीलदारी जायाच्या आधी मी बघत होते ना. पयले तीन दिवस बोट तारेवरून नुसता सरकत होता. चवथे दिवशी तसा नाय. आधी तार आत दाबत होते, गिटारच्या पोटाकडं. थांबत होते. मंग सोडत होते." हात ओला होता, त्याच बोटाने त्यांनी दगडावर दाबून दाखवलं. गिटारला आयुष्यात कधी हात न लावलेल्या बाईनं मला तुमचा शेवटचा धडा दिला.

त्या दिवसापासून रोज ड्यूटीआधी तासभर बसतेय. आमच्या अंबरनाथच्या दोन खोल्यांना मागचं दार नाही, म्हणून नवऱ्याला जिन्यात उभं करते. तो म्हणतो, शेजारी विचारतात बायकोनं हाकललं का. पण उभा राहतो. आधी आवाज दारातच बसायचा. मग पहिल्या पायरीवर. म्हातारा धडपडत होता, पोरी तीन वर्षं घरी बसून आळशी झालेल्या. दाबायचं, थांबायचं, सोडायचं. सात नंबरसारख्या धावत्या तुकड्यात थांबायला वेळ कुठे मिळतो, असं मला वाटायचं. तर मिळतो, केसभर मिळतो. हे तुम्हाला चौथ्या दिवशी कळलं असणार.

काल रविवार होता. सहाही जण आले. चिखलोलीच्या नव्या इमारतीतली ती दुसरीतली मुलगी दारातच म्हणाली, "ताई, क्लास बंद होनार का? मम्मी बोलली, सर नाहीत तो क्लास कैसे होगा." मी म्हटलं, "आधी बस." तुमची गिटार खुंटीवरून काढली. तुमच्या खुर्चीत बसले, स्टुलावर नाही. शेजारी डावीकडे कोणी नव्हतं आणि उजवीकडे माझाच हात होता. काकी मागे भांडी घासत होत्या, नळाचा आवाज येत होता. मी कुणाला काही न सांगता सात नंबर सुरू केला.

भीती वाटत होती, काका. आता मी ते नखांवर ढकलत नाही. पण भीती पहिल्या ओळीपुरती होती. मग म्हातारा चालायला लागला आणि पोरी त्याच्या मागे धावल्या. मध्ये एकदा मधली अडखळली, मी थांबले नाही. आवाज तुमच्यापेक्षा मऊ होता, वेगळाच होता, आणि मला तो आवडला. शेवटचा सूर सोडला आणि मुलांसकट कान मागच्या दाराकडे लावून बसले.

काही आलं नाही. नळाचा आवाज नाही, भांड्यांचा नाही, काहीच नाही. मुलं माझ्याकडे बघत होती. त्यांनाही परीक्षा माहीत आहे. मी गिटार खाली ठेवली आणि माजघरातून, स्वयंपाकघरातून मागे गेले. काकींनी नळ बंद केलेला होता. हातात अर्धवट घासलेला डाव धरून त्या उभ्या होत्या.

"काकी, नाही आला का?"

त्यांनी मान हलवली.

"कवाच आला गो. मनाच वरडता आला नाय."

मग त्यांनी डाव पुन्हा घासायला घेतला आणि म्हणाल्या, "जा, पोरं बसलीत. शिकव त्यांना."